घरचा हिशोब लपवून पोरांवर संस्कार कसे होतील?

पुसद तालुक्यातल्या बान्सी गावच्या ग्रामसभेनं नोव्हेंबर २०२२ मध्ये ठराव केला: १८ वर्षांखालच्या मुलांनी मोबाईल वापरायचा नाही. त्याच वर्षी तिकडे सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथं संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजायला लागला आणि दीड तास घरोघरचे टीव्ही-मोबाईल बंद राहू लागले. दोन्ही गावांचं कौतुक झालं, थोडी टीकाही झाली. तेव्हापासून आमच्या वऱ्हाडात नववी-दहावीच्या पोरांचा विषय पारावर निघो, शाळेच्या पालक सभेत निघो की तेरवीच्या पंगतीत, वाद ठरलेल्या दोन चाकोऱ्यांतून जातो. एक बाजू म्हणते, पोट्टे हाताबाहेर गेले. मोबाईल काढून घ्या, चार शहाणपणाच्या गोष्टी कानावर घाला, जमलं तर उन्हाळ्यात संस्कार शिबिराला धाडा. दुसरी बाजू म्हणते, जमाना बदलला. मुलांना रागावू नका, त्यांचे मित्र व्हा. दोन्हीकडची माणसं तळमळीनं बोलतात, पोरांचं वाटोळं व्हावं असं कोणालाच वाटत नाही. पण हा सगळा वाद पोराच्या हातातल्या वस्तूवर आणि बापाच्या आवाजाच्या पट्टीवर अडकून पडला आहे. ज्या घरात ते पोरगं वाढतं त्या घराचा कारभार कसा चालतो, याकडे कोणी बघतच नाही.

माझं म्हणणं असं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला आणि मुलीला घरच्या खऱ्या प्रश्नांमध्ये बसवून घ्या. कर्ज किती आहे, पेरणीला पैसा कुठून येणार, आत्याला वाटा द्यायचा की नाही, ताईचं लग्न यंदा की पदवी झाल्यावर, आजीचं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात की नागपूरला. त्यांना ऐकू द्या, विचारू द्या, त्यांचं मत मागा. एवढं होत नसेल तर घरातलं बाकीचं बोलणं एक तर हुकूम असतो, नाहीतर गोडीगुलाबी, आणि पोरं दोन्ही बरोबर ओळखतात. आपण कानावर घातलेल्या चार गोष्टी पोरं विसरतात. घरानं अडचणीच्या वेळी काय ठरवलं, कोणाला विचारून ठरवलं आणि कोणाच्या माथी मारलं, हे मात्र ती जन्मभर विसरत नाहीत.

आधी बंदीचा मुद्दा घेतो, कारण तो झटकून टाकण्यासारखा नाही. मोबाईलवर पैसे लावून रमी खेळणारी अकरावी-बारावीची पोरं गावोगाव होती. बापाच्या खात्याला जोडलेला नंबर पोराच्या हातात, आणि कापसाचा चुकारा जमा झाला त्याच आठवड्यात खातं रिकामं, अशी प्रकरणं अब्रूपायी घरातल्या घरात दाबली गेली. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेला पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा करावा लागला. झोपेचंही तसंच. या वयात झोप लागण्याची वेळ शरीराच्याच घड्याळानं पुढे सरकते, सकाळची एसटी मात्र आपल्या वेळेला निघते. मधल्या तासांत उशाशी मोबाईल असेल तर पोरगं वर्गात पेंगणारच. स्वतःला आवर घालणारा, पुढचा विचार करणारा मेंदूचा भाग विशी उलटून गेल्यावरही पक्का होत असतो. म्हणून घरात मोबाईलला वेळेची मर्यादा असावी, रात्री तो सगळ्यांचाच एका जागी ठेवावा, यावर माझा वाद नाही.

पण बंदी कशी चालते आणि कशी चालत नाही, हे विदर्भाला बाहेरून कोणी येऊन शिकवायला पाहिजे का? गांधी-विनोबांचा जिल्हा म्हणून वर्धा १९७० च्या दशकापासून कोरडा आहे, आणि तिथं चोरून दारू मिळते हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी आली. चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. यावरून बंदी निकामी असते असं मी म्हणणार नाही. गडचिरोलीतली बंदी लोकांच्या आंदोलनातून आली. गावागावांत बाया आणि तरुण तिच्यावर वर्षानुवर्षं बोलत होते, ठराव करत होते, आणि जिथं आजही गाव मिळून बसतं तिथं ती पाळली जाते. जिथं नुसता कागद उरला तिथं दारू मागच्या दारानं येते. मग पोरांच्या मोबाईलबंदीची चर्चा करताना किती गावांनी पोरांना सभेत बोलावून विचारलं? ज्याच्यावर नियम लावायचा त्यालाच बाहेर उभं ठेवून केलेला नियम तो चोरूनच मोडणार. मित्राचा फोन आहे, कॅनॉलचा पूल आहे, शाळेमागची भिंत आहे.

आणि खर्रा? गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकायची नाही, शाळेपासून १०० यार्डांच्या आत विकायची नाही, असं २००३ चा केंद्राचा कायदा सांगतो. तरी सहावीतलं लेकरू संध्याकाळी पानठेल्यावर उभं दिसतं, कारण बापानंच धाडलेलं असतं. ठेलेवाला सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घेऊन खसाखस घोटतो, पुडी बांधून लेकराच्या हातात देतो, आणि लेकरू ती मुठीत सांभाळत घरी आणतं. तोच बाप जेवताना त्याला मोबाईलचे दुष्परिणाम सांगतो. लेकरू खाली मान घालून जेवतं, उलट बोलत नाही. बापाला वाटतं, पटलं. पोरानं मात्र मनात नोंदवलेलं असतं की नियम लहानांसाठी असतात आणि मोठं झालं की ते सुटतात. म्हणून लवकर मोठं व्हायचं, एवढाच धडा त्यानं घेतलेला असतो.

दुसरा आक्षेप जुन्या माणसांचा आहे आणि तो मला जास्त जड वाटतो. ‘आमच्या बापानं आमाले कधी काही इचारलं नाही. त्यानं नुसतं पाह्यलं तरी आमी गप. आमी काय बिघडलो?’ यात तथ्य आहे. ती माणसं खरंच बिघडली नाहीत. दुष्काळ काढले, भावंडांना वाढवलं, दिलेला शब्द पाळला. पण त्या काळी बाप गप्प होता, घर गप्प नव्हतं. मोठ्या काकाची चूल शेजारी होती, आजी होती, विहिरीवर बाया होत्या. घरचाच असल्यासारखा सालगडी होता, जो पोराला बंडीवर बसवून वावरात नेताना बापानं न सांगितलेलं सगळं सांगायचा. भजनी मंडळात पोरं मोठ्यांच्या मांडीला मांडी लावून टाळ वाजवायची. तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेला लहानथोर एकाच ओळीत बसायचे. पोळ्याच्या तोरणाखाली झडत्या, म्हणजे चिमटे काढणाऱ्या यमकी ओळी, व्हायच्या, आजही होतात. पाऊस, सावकार, पुढारी, सगळ्यांचा हिशोब भर गावात मांडला जातो आणि बैलाची वेसण धरून उभं असलेलं पोरगं तो ऐकतं. विदर्भाच्या पूर्वेकडे, झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम लागतो. दारुडा बाप, गहाण पडलेलं शेत, घर सोडून गेलेली मुलगी असं सगळं मंचावर येतं आणि अख्खं कुटुंब रात्रभर शेजारी बसून बघतं, डोळे पुसतं. बापाच्या न बोलण्याची भरपाई करणारी इतकी तोंडं होती.

आज त्यातलं किती उरलं? कुटुंबं विभागली. सालगडी ठेवणं बहुतेकांना परवडत नाही. पोरगं सकाळी तालुक्याला जातं, शाळा, मग ट्यूशन, अंधार पडता पडता घरी. माय दिवसभर निंदणाला नाहीतर वेचणीला. अशा घरात बाप गप्प राहिला की घरच गप्प होतं, आणि ती जागा मोबाईलमधली अनोळखी माणसं भरून काढतात. जुनी रीत जुन्या घरात चालली. घर बदललं आणि रीत तीच ठेवली, तर फळ तेच कसं मिळेल?

शिवाय धाकानंच माणूस घडतो म्हणणाऱ्यांनी आपल्याच मातीतला एक मोठा शिक्षक आठवावा. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे डेबूजी, म्हणजे गाडगेबाबा, १८७६ चा जन्म. बाप दारूनं गेला, पोरगं मामाच्या घरी गुरं राखत वाढलं, मामाचं वावर सावकाराच्या कर्जात अडकलेलं त्यानं पाहिलं. पुढे स्वतःच्या मुलीच्या बारशाला त्यानं रिवाजाप्रमाणे दारू-मटण केलं नाही, गोडाचं जेवण घातलं. म्हणजे आज ज्यांचा फोटो आपण शाळेत लावतो ते तरुणपणी वडीलधाऱ्यांच्या रिवाजाला तोंडावर नाही म्हणणारे होते. त्या काळातल्या एखाद्या चुलत्यानं त्यांना ‘संस्कार नसलेलं पोट्टं’ म्हटलं असेल तर नवल नाही. आणि पुढे त्यांनी लोकांना शिकवलं कसं? दिवसा खराटा, रात्री कीर्तन, आणि कीर्तनात प्रश्न. बाबा विचारायचे, गाव उत्तर द्यायचं, त्या उत्तरातून बाबा पुढचा प्रश्न काढायचे. दारू, कर्ज काढून केलेलं लग्न, देवापुढचा बोकड, शिवाशिव या सगळ्यांवर गावाची चूक त्यांनी गावाच्याच तोंडून वदवून घेतली. ज्यांनी अक्षरओळख नसलेल्या मजुराला प्रश्न विचारण्याच्या लायकीचा मानलं, त्यांच्या जिल्ह्यात बाप दहावीतल्या पोराला ‘तुझं काय म्हणणं आहे’ एवढं विचारत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मित्र व्हा म्हणणाऱ्यांबद्दल थोडक्यात. मारझोड नको, चारचौघांत अपमान नको, हे त्यांचं म्हणणं पूर्ण खरं आहे आणि ते गावोगाव जाऊन सांगायलाच हवं. पण मित्र पोराला भरपूर असतात. मित्राला पीक विमा भरायचा नसतो, मित्राच्या नावावर सातबारा नसतो, आणि मित्र सहसा नाही म्हणत नाही. पोराला बाप हवा असतो, जो नाही म्हणेल आणि का नाही म्हणतो तेही सांगेल. बरं, आयुष्यभर हुकूम देणारा बाप एका भाषणानंतर खांद्यावर हात टाकून गप्पा मारायला लागला, तर पोराला पहिला संशय हा येतो की याला कोणी तरी काही सांगितलं.

आता माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात कठीण आक्षेप. कर्जाच्या गोष्टी लेकराला सांगायच्या? यवतमाळ, अमरावती, वर्धा, अकोला, वाशीम, बुलडाणा या जिल्ह्यांची नावं देशाला शेतकरी आत्महत्यांमुळे माहीत झाली. अशा मुलखात पंधरा वर्षांच्या जिवावर हे ओझं टाकायचं? माय म्हणते, ‘त्याले अभ्यास करू द्या, आमचं आमी पाहू.’ त्यामागची माया मी जाणतो. पण पोराला माहीत नाही, असं खरंच असतं का? बँकेचा माणूस गावात आला की बाप वावराची वाट धरतो, हे त्यानं पाहिलेलं असतं. मायच्या गळ्यातली पोत दिसेनाशी झाली हे त्याला कळतं. कृषी केंद्रवाल्याचा फोन आला की बाप त्याच्याच हातात देतो आणि खुणेनं सांगतो, घरी नाही म्हण. म्हणजे खोटं बोलण्यापुरतं आपण त्याला कर्जात सामील करून घेतलेलंच आहे. फक्त कर्ज किती, कोणाचं, ते फिटण्यासारखं आहे की नाही, एवढं सांगितलेलं नाही. मग तो अंदाज बांधतो, आणि भीतीनं बांधलेला अंदाज खऱ्या आकड्यापेक्षा मोठा होतो. आपल्या फीमुळे, आपल्या ट्यूशनमुळे बाप बुडाला असं मनात घेऊन बसलेली पोरं मी पाहिली आहेत. त्यांना कोणी विचारलंच नाही, तर ती सांगणार कोणाला?

सांगणं म्हणजे रात्री पिऊन येऊन पोरापुढे रडणं नव्हे. ते खरंच क्रूर आहे, आणि ते बऱ्याच घरांत चालतं. सांगणं म्हणजे वही उघडून बसणं. सोसायटीचं पीक कर्ज इतकं, डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत ३ लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं तर व्याज शून्य, मुदत हुकली तर सवलत गेली. कृषी केंद्राची उधारी इतकी, आणि उधारीच्या थैलीला रोखीपेक्षा भाव जास्त. मायच्या गटाचा हप्ता इतका. कापूस इतके क्विंटल, वेचणीची मजुरी किलोमागे इतकी, गाडीभाडं इतकं, हातात उरले इतके. आठवीच्या गणितात चक्रवाढ व्याज शिकलेलं पोरगं ही आकडेमोड बापापेक्षा लवकर करतं. त्याला विचारा, यातलं आधी काय फेडावं? काय उद्यावर ढकलता येईल? तो चुकीचंही सांगेल, चुकू द्या. पण संकट मोजता येतं हे त्याला त्या रात्री कळेल, आणि बाप आपल्याला त्या लायकीचा समजतो हेही कळेल. काटकसर, प्रामाणिकपणा, श्रमाची कदर अशी जी यादी आपण शाळेच्या भिंतीवर रंगवतो, ती सगळी त्या वहीत असते. वेचणारणीची मजुरी आधी द्यायची की आपल्या मोटरसायकलचा हप्ता, हा प्रश्न पोरासमोर सोडवला तर वेगळ्या प्रवचनाची गरज काय?

भाव, पाऊस, बोंडअळी, सावकारी हे प्रश्न घरात बोलल्यानं सुटत नाहीत. ते सरकारच्या आणि बाजाराच्या दारात लढायचे आहेत. पण ज्या घरात कर्ज हा शब्द मोठ्यानं उच्चारता येतो, तिथं बाप त्या आकड्यासोबत एकटा राहत नाही. पोरांसाठी म्हणून सुरू केलेलं हे बोलणं बापाच्याही जिवाचं आहे, असं मी पूर्ण विश्वासानं म्हणतो.

वेळ कुठं आहे, असं यावर लगेच विचारतात. पहाटे उठून रात्री पाठ टेकणाऱ्या माणसानं संवादाला कधी बसायचं? बसायचंच कशाला? ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींच्या नई तालीमला आकार आला. मूल हातानं काम करता करता शिकतं, हा तिचा गाभा. ती देशभर कितपत रुजली हा निराळा विषय, पण कामाच्या शेजारी तोंड उघडतं हे आपल्या घरोघरी दिसतं. या वयाच्या पोराला समोर बसवून ‘बोल’ म्हटलं की ते गप्प होतं. दोघांची नजर कामावर असली की बोलतं. माझ्या ओळखीचे एक कास्तकार हरभऱ्याच्या ओलिताला रात्री पोराला सोबत नेतात, कारण काही आठवडे थ्री-फेज लाइट रात्रीच असते. मोटर सुरू करायची, तुषार सिंचनाचे पाइप बदलायचे, मग पुढच्या पाळीपर्यंत धुऱ्यावर शेकोटी करून बसायचं. रानडुकरांसाठी मधूनमधून बॅटरी फिरवायची. अशा एका रात्री पोरगं म्हणालं, ‘बाबा, मले सायन्स नाही घ्याचं.’

‘काऊन?’

‘नाही जमत. आयटीआय करतो म्हणतो, वायरमनचं.’

‘मंग आधी काऊन नाही सांगतलं? ट्यूशनचे पैसे भरले ना म्या.’

‘तुमी इचारलंच कुठं? तुमी तं मार्कच इचारता.’

हे त्या बापानंच मला सांगितलं. ओसरीवर, पाहुण्यांसमोर, हेच वाक्य उद्धटपणा ठरलं असतं आणि थापड बसली असती. वावरात, अंधारात, दोघंही थकलेले असताना, ते ऐकून घेता आलं. पुढे सगळं सुरळीत झालं असं नाही. घरात भांडण झालं, माय रडली, मामा मध्ये पडले, आणि शेवटी पोरगं आयटीआयला गेलंच नाही, आर्ट्सला गेलं. दरवेळी पोराचंच खरं करायचं असा संवादाचा अर्थ नाही. पण तो विषय आता त्या घरात निघू शकतो, आणि बाप मार्कांच्या पलीकडचं विचारायला शिकला आहे.

घर पोरांना खरं काय शिकवतं, हे जमिनीच्या वेळी उघडं पडतं. आजोबा वारले की वारसांची नोंद येते, आणि आत्यांना निरोप जातो: सही करायला या. महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क देणारी दुरुस्ती १९९४ मध्येच केली, देशभर ती २००५ मध्ये झाली. कायदा आत्याच्या बाजूनं आहे हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. आत्या येतात, पुरणाचा स्वयंपाक होतो, लुगडी घेतली जातात, आणि दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन हक्कसोड पत्रावर सह्या होतात. सोळा वर्षांचा पोरगा सगळ्यांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स काढून आणतो. परत येताना एखादी आत्या गाडीत काहीच बोलत नाही, तेही तो बघतो. घरी आल्यावर सांगितलं जातं, बहिणींनी राजीखुशीनं सोडलं. त्या दोन दिवसांत पोरानं न्यायाबद्दल, कायद्याबद्दल आणि बहिणीबद्दल जे शिकायचं ते शिकून घेतलेलं असतं. त्याच्याच बाजूला त्याची धाकटी बहीण असते. एक दिवस आपल्यालाही असाच निरोप येणार, हे तिला कळून चुकलेलं असतं. यानंतर राखीपौर्णिमेला भावाबहिणीच्या नात्यावर कितीही बोला.

तीन एकरांचे पाच तुकडे करा, असं मी म्हणत नाही. कोरडवाहू तीन एकरांत पाच वाटे कसे बसवायचे, हा खरोखर अवघड प्रश्न आहे. जमिनीऐवजी हप्त्यानं पैसे देता येतील, आत्याच्या मुलीच्या शिक्षणाचा खर्च उचलता येईल, किंवा मिळून कसून पीक वाटून घेता येईल. पण अवघड आहे म्हणूनच तो मुलांसमोर, आत्यांसमोर, मोकळेपणी बोलला पाहिजे. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा हे गाव २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून देशभर गाजलं. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा सगळ्यांना पाठ आहे. त्यामागची रीत मात्र आपण उचलली नाही: तिथं निर्णय बहुमतानं होत नाही, सर्वसंमतीनं होतो. काहींना पटलं नाही तर विषय पुढे जातो, पुन्हा बोलणं होतं, बायांचंही मत घेतलं जातं. वेळ लागतो, त्रास होतो. एवढं मोठं जंगल ज्या रीतीनं सांभाळता येतं, ती रीत एका घराला झेपणार नाही का?

मुलींच्या बाबतीत घराचं गप्प राहणं थेट अंगावर उमटतं. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या बायांची तपासणी केली, तो अभ्यास १९८९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ९२ टक्के बायांना स्त्रीरोग होते. त्याआधी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. इतकी वर्षं अंगावर दुखणं काढलं आणि ते घरात कोणाला सांगितलं नाही, किंवा सांगूनही कोणी मनावर घेतलं नाही. पुढे त्यांच्याच सर्च संस्थेनं मुलामुलींसाठी ‘तारुण्यभान’ शिबिरं सुरू केली, जिथं शरीर, पाळी, आकर्षण, लग्न यांवर सरळ बोललं जातं. हे काम शाळेनं करावं, आशाताईनं करावं, जरूर करावं. पण पहिल्या पाळीच्या दिवशी मुलगी शिबिरात नसते, घरात असते, आणि तिथं तिला अजूनही ‘कावळा शिवला’ एवढंच सांगून कोपऱ्यात बसवलं जातं.

मोबाईलबंदीसुद्धा घरात मुलीवर आधी बसते आणि जास्त कडक बसते. त्यामागे भीती आहे, आणि ती निराधार नाही. फोटोवरून धमकावणं, खोट्या नावानं जाळ्यात ओढणं हे प्रकार खेड्यापर्यंत आलेले आहेत. पण बघा, एसटीत कोणी अंगाला हात लावला किंवा मोबाईलवर कोणी घाण फोटो पाठवला तर नववीतली मुलगी घरी का सांगत नाही? कारण निकाल तिला आधीच माहीत असतो: ‘उद्यापासून शाळा बंद.’ गुन्हा दुसऱ्याचा आणि एसटीचा पास हिचा काढून घ्यायचा. १८ वर्षांच्या आत लग्न लावणं २००६ च्या कायद्यानं गुन्हा आहे, तरी ‘नाव निघायच्या आत उरकून टाकू’ हे वाक्य त्याच आठवड्यात घरात येतं. मग ती खोटं बोलायला लागते, फोन लपवायला लागते, धमकावणाऱ्याच्या आणखी ताब्यात जाते. आणि आपण म्हणतो, पोरी फार आतल्या गाठीच्या झाल्या.

यावर घरानं एकच नियम करावा असं मला वाटतं, आणि तो मोठ्यांनी पाळावा: जे स्वतःहून येऊन सांगितलं, त्यासाठी सांगणाऱ्याला शिक्षा नाही. राग येईल, तो बोलून दाखवा. काळजी वाटेल, तीही बोला. पण मुलीची शाळा, तिचा पास, तिची मैत्रीण यांना हात लावू नका; तक्रार करायची तर ज्यानं त्रास दिला त्याची करा, आणि पोलीस ठाण्यात तिच्यासोबत मायबाप दोघंही जा. पोरांनाही हाच नियम. रमीत पैसे घालवले असं पोरगं घाबरत घाबरत सांगायला आलं, तर त्या दिवशी त्याला मारू नका. त्याला घेऊन बँकेत जा, खात्याला जोडलेला नंबर बदला, किती गेले ते पासबुकात त्यालाच वाचायला लावा, आणि ते कसे भरून काढायचे हे दोघं मिळून ठरवा. कोणत्या रविवारी तो कोणाच्या वावरात मजुरीला जाणार, हे त्यानं ठरवायचं. आणि त्यातल्या पन्नास रुपयांचा खर्रा बापानं खायचा नाही, ही अट पोरानं घातली, तर ती बापानं मान्य करायची.